‘बेताने घेतो’ म्हणजे किती? एका उत्तराची पार्श्वभूमी

मराठीत दारूविषयी विचारायचे असले की ‘घेता का?’ एवढेच विचारले जाते. काय घेता, हे सांगावे लागत नाही. उत्तरही तसेच कर्मावाचून येते: ‘नाही, मी घेत नाही’, किंवा ‘घेतो, पण बेताने’. ‘ते घेतात’ आणि ‘तो पितो’ या दोन वाक्यांत पेयाचा फरक नसून प्रतिष्ठेचा आहे. पहिल्या वाक्यातल्या माणसाकडे संयम गृहीत धरलेला असतो, तर दुसऱ्याच्या नावावर संसार बुडवल्याचा संशय आधीच जमा झालेला असतो. गांजा, चरस किंवा अमली गोळ्यांच्या बाबतीत मात्र ‘बेताने’ असे उत्तर देण्याची सोय भाषेने ठेवलेली नाही. तिथे प्रश्न ‘किती’ असा येतच नाही, ‘हो की नाही’ एवढाच येतो. हा फरक बहुतेकांना आपल्या सदसद्विवेकातून आलेला वाटतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग गेल्या दीडशे-दोनशे वर्षांतील वैद्यक, विमा आणि करारमदार यांनी घडवला आहे.

प्राचीन काळ इथे थोडक्यात पुरेल. संस्कृतात ‘व्यसन’ हा शब्द संकट, अधःपात या अर्थाने येतो आणि मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाच्या अठरा व्यसनांत मद्यपान हे द्यूत, स्त्रिया आणि मृगया यांच्या पंक्तीला बसवले आहे. तिथला आक्षेप पदार्थावर नसून कर्तव्यापासून ढळणाऱ्या माणसावर आहे. चरकसंहितेतील मदात्ययाच्या, म्हणजे मद्यामुळे होणाऱ्या विकारांच्या, अध्यायात तर विधिपूर्वक, योग्य मात्रेत आणि योग्य काळी घेतलेले मद्य अमृतासमान व एरवी विषासमान सांगितले आहे. ‘किती’ हा प्रश्न म्हणजे जुनाच आहे. नवीन आहे तो त्याला आकड्यात उत्तर देण्याचा हट्ट.

हा हट्ट एकोणिसाव्या शतकात रुजला. १८२६ मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या मद्यविरोधी चळवळीच्या नावातच ‘संयम’ होता आणि तिचा सुरुवातीचा रोख फक्त ऊर्ध्वपातित, म्हणजे भट्टीवर गाळलेल्या, दारूवर होता. बिअर आणि वाइन यांना तिची हरकत नव्हती. पण १८३२ मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन गावी सात जणांनी कोणतेच मादक पेय न घेण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या आणि चारच वर्षांत अमेरिकेतील चळवळीनेही पूर्ण वर्ज्यतेचा ठराव केला. दहा वर्षांत ‘संयम’ या शब्दाचा अर्थ ‘त्याग’ असा झाला, आणि बेताने घेणारा माणूस चळवळीच्या दृष्टीने दारुड्यापेक्षाही धोकादायक ठरू लागला, कारण दारुड्याकडे पाहून कोणाला प्यावेसे वाटत नाही, सभ्यपणे पिणाऱ्याकडे पाहून मात्र वाटते. हा युक्तिवाद बिनतोड होता असे म्हणवत नाही, पण तो मूर्खपणाचाही नव्हता. त्याचेच टोक म्हणजे १९२० ते १९३३ या काळातील अमेरिकेची दारूबंदी. त्या कायद्याने ०.५ टक्क्याची रेषा आखून तिच्यावरच्या पेयांचे उत्पादन, विक्री व वाहतूक बंद केली. पिणे हा मात्र त्याने गुन्हा ठरवला नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळतच राहिली.

‘बेताने’ या शब्दाला पहिला टिकाऊ आकडा मिळाला तो चळवळीकडून नव्हे, तर वैद्यकाकडून. लंडनमधील एका डॉक्टरने १८६० च्या दशकात निरोगी प्रौढ पुरुषासाठी दिवसाला दीड औंस निव्वळ अल्कोहोल ही मर्यादा सुचवली. आजच्या मापात ते सुमारे ४२.६ मिलिलिटर होते. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या दारूत ते मोजले तर १०६ मिलिलिटर, म्हणजे रोज साडेतीन छोटे पेग. आयुर्विमा कंपन्यांना हा आकडा हाताशी हवाच होता. अर्जदार ‘बेताने घेतो’ असे लिहितो, तेव्हा त्यावर हप्ता कसा ठरवायचा, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. त्यामुळे ही मर्यादा विमाव्यवहारात दीर्घकाळ वावरली. ती शिफारस नसून कमाल मर्यादा होती आणि शरीराने श्रम करणाऱ्या माणसाला समोर ठेवून ती सांगितली गेली होती. परंतु आकडा एकदा छापला गेला की त्याच्यासोबतची अट हळूहळू गळून पडते, आणि तसेच इथे झाले.

दारूबंदी उठल्यानंतरच्या काळात दुसरी कल्पना बळावली. १९३५ मध्ये ओहायोतील अॅक्रन येथे दोन मद्यपींनी सुरू केलेल्या स्वमदत चळवळीने मद्यासक्ती हा स्वभावदोष नसून आजारासारखी अवस्था आहे आणि अशा माणसाला पहिला घोटसुद्धा वर्ज्य आहे, ही भूमिका जनमानसात पोहोचवली. असंख्य माणसे तिच्यामुळे सावरली, हे निर्विवाद आहे. मात्र तिचा एक आनुषंगिक परिणाम फारसा बोलला जात नाही. ज्यांना पिणे झेपत नाही असे मूठभर आणि ज्यांना झेपते असे बाकी सगळे, अशी माणसांची दोन जातींत वाटणी झाली, आणि दोष बाटलीतून उचलून त्या मूठभरांच्या प्रकृतीत ठेवला गेला. बाकीच्यांना आणि दारू विकणाऱ्यांना यापेक्षा सोयीचे काय असणार? १९६२ मध्ये लंडनमधील एका मनोविकारतज्ज्ञाने उपचार घेतलेल्या ९३ रुग्णांपैकी सात जण कित्येक वर्षांनंतर बेताने पीत असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा उठलेले वादळ त्या सात जणांपुरते नव्हते, दोन जातींमधली भिंत हलली म्हणून ते उठले होते. पुढे १९८५ मध्ये त्याच रुग्णांचा पुन्हा मागोवा घेतला असता त्यांतील बहुतेकांचे ‘बेताने’ टिकले नव्हते असे आढळले, आणि वाद जिथल्या तिथे राहिला.

यानंतरची चाळीस वर्षे आकड्यांची आहेत, आणि तिथेच या शब्दाचा खरा गुंता आहे. ब्रिटनमध्ये १९८७ साली वैद्यकीय संस्थांनी पुरुषांसाठी आठवड्याला २१ आणि स्त्रियांसाठी १४ युनिट अशी मर्यादा सांगितली. तिथले एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. वीस वर्षांनी त्या समितीतील एका सदस्याने जाहीरपणे मान्य केले की हे आकडे ठोस पुराव्यावरून नव्हे, तर जाणकारांच्या अदमासाने ठरले होते. १९९५ मध्ये सरकारने आठवड्याऐवजी दिवसाचा हिशेब सांगितला, आणि पुरुषांच्या रोजच्या तीन-चार युनिटांची बेरीज २८ पर्यंत जाऊ शकते, हे टीकाकारांनी लगेच दाखवून दिले. २०१६ मध्ये पुन्हा आठवड्यावर येऊन स्त्री-पुरुष दोघांसाठी १४ युनिट ठरले.

मधल्या काळात ‘बेताने’ला चक्क औषधाचा दर्जा मिळाला होता. १९९१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर फ्रेंचांच्या सुदृढ हृदयाचे श्रेय रेड वाइनला देणारा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर तिथे त्या वाइनचा खप उसळला. अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा थोडी घेणारे अधिक जगतात, असे दाखवणारे आलेख त्या दशकात सर्वत्र फिरत होते. त्यांतली मेख काही संशोधकांनी १९८० च्या दशकातच दाखवली होती. ‘न घेणाऱ्यां’च्या रकान्यात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते, त्यामुळे तो रकाना मुळातच आजारी होता. हा आक्षेप पंचवीसएक वर्षे तज्ज्ञांच्या नियतकालिकांतच राहिला, वाइनचा महिमा मात्र घराघरांत गेला. या प्रश्नाचा एकदाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेत सुमारे ७८०० लोकांवर रोज एक पेय देऊन करावयाची मोठी चाचणी आखली गेली. तिचा बराचसा खर्च मद्य उद्योगाकडून यावा म्हणून आधीच बोलणी झाली होती आणि चाचणीची मांडणी अनुकूल निष्कर्षाकडे झुकलेली होती, असे दिसून आल्यावर २०१८ मध्ये ती गुंडाळावी लागली. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे सांगितले. मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच झालेली होती, त्यामुळे हे विधान नवे कमी आणि उशिराचे अधिक होते.

त्याच महिन्यात कॅनडातील तज्ज्ञांनी कमी जोखमीची मर्यादा आठवड्याला दोन पेयांवर आणली. २०११ च्या सल्ल्यात ती पुरुषांसाठी पंधरा आणि स्त्रियांसाठी दहा होती. तिथल्या एका पेयात साडेतेरा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल धरले जाते, म्हणजे आठवड्याचे दोन मिळून सुमारे ३४ मिलिलिटर. लंडनच्या त्या डॉक्टरच्या हिशेबाने आठवड्याचे २९८ मिलिलिटर होत होते. दीडशे वर्षांपूर्वी एका दिवसात जेवढे ‘बेताचे’ होते, तेवढे आज पूर्ण आठवड्यालाही जास्त ठरते, आणि ‘मी बेताने घेतो’ हे वाक्य मात्र त्यातला एक शब्दही न बदलता चालू आहे.

यात मापाचा घोळ वेगळाच. ६० मिलिलिटरचा एक मोठा पेग घेतला, तर त्यात साधारण १९ ग्रॅम अल्कोहोल असते. ब्रिटिश मोजणीत तो २.४ युनिट होतो, ऑस्ट्रेलियाच्या दहा ग्रॅमच्या मापाने जवळजवळ दोन पेये, अमेरिकेच्या चौदा ग्रॅमच्या मापाने एक आणि वर थोडे, तर ऑस्ट्रियाच्या वीस ग्रॅमच्या मापाने पुरते एकही नाही. ‘एकच घेतली’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो. तो फक्त कोणत्या देशाच्या मापाने बोलतो आहे, हे विचारायचे राहून जाते.

अमली पदार्थांच्या वाट्याला ही आकडेमोड आलीच नाही, आणि ती येऊ शकली नसती असेही नाही. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये हिंदुस्थानात भांग, गांजा व चरस यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासून सात खंडांचा अहवाल दिला. मर्यादित सेवन आणि अतिसेवन असा भेद करून, मर्यादित सेवन हीच सर्वसाधारण रीत असून त्यापासून सहसा अपाय होत नाही, म्हणून सरसकट बंदी समर्थनीय नाही, असे त्याने नोंदवले. महसुलावर डोळा असलेल्या सरकारला हा निष्कर्ष सोयीचा होता, हेही इथे सांगायला हवे. पण प्रश्न विचारण्याची त्याची पद्धत ‘किती’ची होती. १९०९ च्या शांघाय परिषदेपासून ती पद्धत मागे पडली. १९१२ च्या हेग करारात अफू, मॉर्फिन व कोकेन आले, १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजा आला, आणि १९६१ च्या न्यूयॉर्क येथील एकत्रित कराराने या पदार्थांचा वापर वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांपुरता मर्यादित केला. मद्य आणि तंबाखू या करारांच्या कक्षेत कधीच आले नाहीत. करार लिहिणाऱ्या राष्ट्रांतील लोक स्वतः काय घेत होते, हे पाहिले की या वगळण्याचे गूढ उरत नाही.

‘रंजनासाठी सेवन’ हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग याच वाटणीचे अपत्य आहे. औषध म्हणून एक कप्पा आखला गेल्यावर जे उरले, त्याला काहीतरी नाव देणे भाग होते. १९७३ मध्ये अमेरिकेतील एका राष्ट्रीय आयोगाने सेवनाचे पाच प्रकार सांगितले: कुतूहलापोटी, मित्रमंडळीत रंजनासाठी, प्रसंगवश, नित्याचे आणि अनावर. दारू हेही एक मादक द्रव्यच आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले. याच सुमारास व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत, तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे पाच टक्केच पुन्हा आहारी गेल्याचे दिसले. पदार्थ तोच असूनही परिस्थिती बदलताच माणूस बदलतो, ही गोष्ट ‘हो की नाही’ या चौकटीत मावणारी नव्हती, आणि धोरणात ती मावलीही नाही.

गेल्या पंधरा वर्षांत चित्र पालटू लागले. अमेरिकेच्या कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत २०१२ मध्ये मतदानाने गांजा कायदेशीर झाला, उरुग्वेने २०१३ मध्ये तसा कायदा केला, आणि कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगण्याची मुभा मिळाली. २०२० च्या डिसेंबरात व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला १९६१ च्या करारातील सर्वांत कडक अनुसूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. उलट ओरेगनने २०२० च्या मतदानाने सर्वच अमली पदार्थ अल्प प्रमाणात बाळगण्यावरील फौजदारी शिक्षा काढली आणि २०२४ मध्ये ती परत आणली. जिथे विक्री सुरू झाली, तिथे कायद्यातून ‘रंजन’ हा शब्द मागे सरून ‘प्रौढांचे सेवन’ असा कोरडा शब्द आला, आणि त्याच्या पाठोपाठ माप आले. कोलोरॅडोत खाद्यपदार्थातील एका वाट्यात मादक घटक १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, तर कॅनडात संपूर्ण पाकिटातच १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. दारूच्या पेल्यासारखाच एक कायदा वाटा मोजतो आणि दुसरा पाकीट.

पाहण्या मात्र अजून जुन्या प्रश्नावरच चालतात. जगात २०२२ मध्ये २९.२ कोटी लोकांनी अमली पदार्थ घेतले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्यात वर्षभरात एकदाच झुरका मारलेला आणि रोज सुई टोचणारा हे दोघेही एकेक म्हणूनच मोजले जातात. त्यांपैकी ६.४ कोटी लोकांना सेवनामुळे विकार जडल्याचे वेगळे सांगितले जाते. उरलेल्या बावीस-तेवीस कोटींचे काय, याला कोणत्याही रकान्यात शब्द नाही. गांजासाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमी जोखमीच्या सेवनाच्या सूचनांनी ग्रॅम किंवा मिलिग्रॅमचा आकडा दिलाच नाही. आठवड्यातून एखादा दिवस किंवा फक्त शनिवार-रविवार, असे दिवस तेवढे मोजायला सांगितले.