४४००१०: धरमपेठच्या पिनकोडची गंमत

परवा ऑनलाइन एक कुकरची रिंग मागवली आणि घाईत पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे टाइप केले, ४४००१० च्या जागी ४४०००१. पार्सल नागपुरातल्या आमच्या धरमपेठला यायचं सोडून सिव्हिल लाइन्सच्या जीपीओकडे, म्हणजे मुख्य पोस्टाकडे गेलं. डिलिव्हरीवाला फोनवर म्हणे, "भाऊ, पत्ता धरमपेठचा न् पिन जीपीओचा, मी काय करू सांगा?" चूक माझीच होती, काय बोलणार. मग पार्सलची वाट पाहत कागद-पेन घेऊन या दोन नंबरांनाच उकलत बसलो.

आधी अवयव पाडले. ४४०००१ = ३×३×४८८८९ आणि ४४००१० = २×३×३×५×४८८९. शेवटी उरलेले ४८८८९ आणि ४८८९ दोन्ही मूळ संख्या निघाल्या, एकात एक ८ जास्त एवढाच फरक! पण जीपीओच्या नंबरला पूर्ण भाग जाणाऱ्या संख्या फक्त ६ आणि आमच्या नंबरला २४. शेजारचा ४४००११ तर ११×१३×१७×१८१ असा एकदम नटून येतो.

दोन्ही पिनच्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने दोघांनाही पूर्ण भाग जातो. अंकांच्या बेरजेनेच भाग गेला की ती 'हर्षद संख्या', हे नाव देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलंय. पिनकोडसुद्धा मराठी माणसाचंच काम बरं का, श्रीराम भिकाजी वेलणकरांचं, १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेलं.

कापरेकरांचा दुसरा खेळ जास्त मजेदार आहे. कुठल्याही संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा, जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. चार अंकी संख्येत सगळे अंक सारखे नसले तर जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत ६१७४ येतोच. माझ्या सहा अंकी पिनला लावून पाहिलं, ४४१००० − ०००१४४ = ४४०८५६. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६. म्हटलं आता थांबेल, पण कसलं काय. ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सात संख्यांचं हे चक्र, यातून सुटकाच नाही, व्हेरायटी चौकात सिग्नल चुकल्यासारखं. सहा अंकी संख्या मोजक्याच, त्यामुळे कधी ना कधी आधी येऊन गेलेली एखादी परत येणारच, आणि आली की पुढचं सगळं जसंच्या तसं रिपीट. आणि प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो, कारण तेच अंक नुसते जागा बदलतात, ९ ने भागल्यावर दोन्हींची बाकी सारखीच उरते, वजाबाकीत ती उडून जाते.

या खेळाला ४४०००१ आणि ४४००१० यांतला फरक कळतच नाही, अंक तेच ना. डिलिव्हरीवाल्याला कळतो, कापरेकरांच्या वजाबाकीला नाही!

प्रतापनगरचा मित्र म्हणे, "आमचा ४४००२२ टाकून बघ बे." टाकला. ४३९९५६, मग ६५०८४४, मग ८२०८७२. म्हणजे तिसऱ्या वजाबाकीला तो माझ्याच रस्त्याला लागला, जिथे मी दुसऱ्यालाच पोचलो होतो.