मेनू बदलला आणि बोट चुकलं

बिझनेसचे पैसे सांभाळणारं ॲप सुरुवातीला किती सुटसुटीत असतं, इन्व्हॉइस, बिलं, रिपोर्ट, संपलं. मग कार्डं येतात, पगार येतो, अप्रूव्हल येतं, आणि प्रत्येक टीमला आपलंच फीचर डावीकडच्या पट्टीत वर हवं असतं, त्यामुळे बघता बघता तो मेनू म्हणजे कंपनीतल्या टीम्सची हजेरी होऊन बसतो.

रीडिझाइनच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी मावतात, सातच आयटम ठेवा. मला हे जाम खटकतं. सातचा आकडा ज्यातून आला तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा 1956 चा पेपर लक्षात ठेवण्याबद्दल होता, मेनू तर समोर दिसतोय, पाठ कशाला करायचाय? त्यापेक्षा हिक आणि हायमनचा नियम बघा (1952-53): पर्याय दुप्पट झाले तरी निवडायचा वेळ दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. पण हे पर्याय ओळखीचे असतील तरच, अनोळखी यादी माणूस एकेक ओळ वाचतच खाली जातो.

म्हणजे खरी गोची नावांची आहे. समजा गिऱ्हाईकाने माल परत केला आणि क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद, काढायचीय. ती कुठे असेल, सेल्समध्ये? इन्व्हॉइसमध्ये? रिफंडमध्ये? फर्नास हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं की दोन माणसं एकाच गोष्टीला आपणहून तेच नाव देतील याची शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी असते! पिरोली आणि कार्ड या झेरॉक्स पार्क (PARC) प्रयोगशाळेच्या संशोधकांनी नावांवरून शोधत जाण्याला वासाची उपमा दिली, जनावर जसं वासावर भक्ष्याचा माग काढतं तसे आपण शब्दांच्या वासावर क्लिक करत जातो, आणि वास गेला की मागे फिरतो. म्हणून रंग-आयकॉन ठरवायच्या आधी नुसत्या नावांचं झाड, म्हणजे कोणत्या नावाखाली काय याची यादी, लोकांसमोर ठेवून विचारतात, क्रेडिट नोट शोधा बरं, आणि पहिलं बोट कुठे जातं ते टिपून ठेवतात. डिझायनरचा अहंकार इथे बराच उतरतो.

तरीही नवा मेनू आला की बोंबाबोंब होतेच, कारण रोज तेच काम करणारा माणूस मेनू वाचतच नाही, त्याच्या हाताला जागा पाठ असते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2000 मध्ये कमी वापरलेल्या कमांड आपोआप लपायच्या, कल्पना हुशार होती पण जागाच हलायला लागल्यावर हाताने काय करावं? म्हणून रोजच्या दोन-चार गोष्टी होत्या तिथेच ठेवायच्या, बाकीचं हलवायचं, आणि हे महिनाअखेरीला तर अजिबात करायचं नाही.

माझा एक अकाउंट्समधला मित्र नवा मेनू चांगलाय म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि बिलं उघडायला जाऊन अजून सेटिंग्ज उघडतो.