पाचव्या भागाकाराला फुटलेली संख्या

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भाच्याला चादरीचा माग दाखवायला नेलं होतं. वर नक्षी ठरवणारी पुठ्ठ्याची छिद्रांची जकार्ड कार्डं फिरत होती. छिद्र असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. कार्डावर अशा ३२ जागा धरल्या, तर किती प्रकारची कार्डं पाडता येतील? प्रत्येक जागेला दोनच पर्याय, म्हणजे २ चा ३२ वा घात: ४,२९,४९,६७,२९६.

"मामा, यात एक मिळवला की मूळ संख्याच होणार. विषम आहे, तीनाने-पाचाने जात नाही."

हाच अंदाज १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्मानेही केला होता. त्याचा साचा असा: २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घ्यायचा (घात दर वेळी दुप्पट) आणि त्यात एक मिळवायचा. त्यातल्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या मूळ निघाल्या. पुढची हीच, ४,२९,४९,६७,२९७. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो.

सरळ तपासायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. पण एक युक्ती आहे, आणि मला तीच फार आवडते. समजा, 'प' या मूळ संख्येने भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी प-१, म्हणजेच उणे १. वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. मागावरची कार्डं दोरीने ओवलेली असतात. माळ संपली की नक्षी पहिल्यापासून सुरू. घातांच्या बाक्याही तशाच फिरतात. इथे माळ बरोबर ६४ ची, कारण त्याहून लहान असती तर ३२ व्या घातालाच बाकी १ आली असती. आता फर्माचाच नियम सांगतो की प-१ व्या घातालाही बाकी १ येते. म्हणजे प-१ मध्ये ६४ च्या पूर्ण माळा बसल्याच पाहिजेत! अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम झालं. हत्यार फर्माच्याच हातात होतं, याची मला आजही हळहळ वाटते.

गाडीच्या नंबराची बेरीज शुभ यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी एवढं बघावं: ४,२९,४९,६७,२९७ च्या अंकांची बेरीज ५९, पण हीच संख्या शून्य-एकात लिहिली तर बेरीज फक्त २. बेरीज लिहिण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते. ६४१ ने जाणारा भाग मात्र कोणत्याही लिपीत जातोच.

भाच्याने तिथेच एका फाटक्या कार्डाच्या पाठीवर पडताळा केला. २ चा १६ वा घात ६५,५३६, त्याला ६४१ ने भागून बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६, बाकी ६४०. त्यात एक मिळवला, ६४१. गेला भाग!

६४१ ने भागल्यावर उरणारा दुसरा तुकडा ६७,००,४१७. तो मूळ आहे का, हेही याच ६४ च्या चाळणीने तपासता येतं. घरी येईपर्यंत तो तेच करत होता.