गाभा कोसळणे: ताऱ्याचे वेगळे, तारकागुच्छाचे वेगळे

महाश्व तारकासमूहातल्या ‘एम १५’ या गोलाकार तारकागुच्छाचा (गुरुत्वाने एकत्र बांधलेल्या लाखो ताऱ्यांच्या गोळ्याचा) गाभा कोसळलेला आहे, असं वाचलं की अनेकांना वाटतं, तिथे सुपरनोव्हासारखा स्फोट झाला असणार. तसं काही झालेलं नाही. दोन वेगळ्या घटनांना एकच नाव पडलं आहे.

ताऱ्याचं आधी सांगतो, कारण ते चटकन आटोपतं. सूर्याच्या साधारण आठपटीहून जड ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड साठतं. लोखंडाच्या संमीलनातून, म्हणजे त्याची अणुकेंद्रं एकत्र जुळण्यातून, ऊर्जा मिळत नाही. हा गाभा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट झाला की इलेक्ट्रॉनांच्या दाबाला भार पेलत नाही आणि हजारो किलोमीटरचा गोळा सेकंदभराच्या आत काही डझन किलोमीटरचा होतो.

गुच्छात असा कुठलाच आधार एकाएकी निसटत नाही. लाखो तारे एकमेकांजवळून जाताना ओढले जातात, ऊर्जेची देवाणघेवाण होते. जड तारे वेग गमावून मध्याकडे बुडतात. ताऱ्याच्या गाभ्याची ती १.४ ची मर्यादा खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांची, आणि हे गुरुत्वीय ‘घर्षण’ही १९४३ मध्ये त्यांनीच मोजलं. खरी मेख पुढे आहे. गुच्छाच्या गाभ्यातली ऊर्जा बाहेर गेली की तो थंडावत नाही, म्हणजे तिथल्या ताऱ्यांचा वेग कमी होत नाही. आकसतो, आणि आतले तारे उलट जास्त वेगाने फिरू लागतात. वेग वाढला की ऊर्जा आणखी बाहेर झिरपते, गाभा आणखी आकसतो. लिंडन-बेल आणि वुड या खगोलशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये ही घसरण उलगडली. तिला बहुधा अब्जावधी वर्षं लागतात.

तिला अडवतात जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या. घट्ट जोडीजवळून तिसरा तारा गेला की जोडी आणखी घट्ट होते आणि तो जास्त वेग घेऊन निघतो. गाभ्याला ऊर्जा मिळते. त्यामुळे संगणकीय प्रतिरूपात सुरुवातीचे जोडतारे गाळले किंवा जवळच्या भेटींतलं बल कृत्रिमरीत्या सौम्य केलं, तर कोसळण्याची वेळ आणि खोली दोन्ही चुकतात.

ओळखायचं कसं? साध्या गुच्छात तेजस्वितेचा आलेख मध्याजवळ सपाट होतो. एम १५ मध्ये तो अगदी आतपर्यंत चढतच राहतो. आपल्या आकाशगंगेतल्या सुमारे एकपंचमांश गोलाकार गुच्छांत असं दिसतं. मात्र असा चढ दिसला म्हणून लगेच मध्यभागी मोठं कृष्णविवर मानू नये: बुडून साठलेले न्यूट्रॉन तारे आणि श्वेतबटू हे मेलेल्या ताऱ्यांचे घट्ट अवशेषही तिथे तेवढंच वस्तुमान भरू शकतात.