गावकीची खोली: गिरणगावातल्या आपलेपणाची पार्श्वभूमी

कोकणातल्या एखाद्या वाडीत देवळाच्या जीर्णोद्धाराची किंवा सभागृहाची कोनशिला पाहिली, तर तिच्यावर पुष्कळदा दोन मंडळांची नावे कोरलेली आढळतात: एक ग्रामस्थ मंडळ आणि दुसरे त्याच वाडीचे मुंबई मंडळ. गावच्या शिमग्याची वर्गणी मुंबईत गोळा व्हावी आणि गावातला तंटा लालबागच्या एखाद्या खोलीत मिटवला जावा, ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या उगमाकडे लक्ष जात नाही. हा उगम नुसत्या गावाच्या ओढीत सापडत नाही. गिरणीतले कामाचे तास, तिथला पगार आणि मुंबईतल्या जागेचे भाडे या तीन गोष्टींच्या हिशेबातून ही व्यवस्था उभी राहिली, आणि आपलेपणा त्या हिशेबाच्या पोटी जन्मला.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात भायखळ्यापासून परळ, लालबाग, शिवडी, वरळीपर्यंतचा पट्टा, म्हणजेच गिरणगाव, धुराड्यांनी भरून गेला. गिरण्यांना हजारो हात हवे होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला एकच पावसाळी पीक, तुकड्यातुकड्यांची जमीन आणि त्यावर खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा वाटा, अशी स्थिती असल्यामुळे घरातला एक माणूस बाहेर रोख कमावत असल्याखेरीज चूल पेटणे कठीण होते. घाटावरून, म्हणजे सातारा, कोल्हापूर, पुण्याकडूनही माणसे आली. मात्र बोटीने एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या रत्नागिरीचा भरणा सर्वांत मोठा होता. १९२१ च्या सुमारास मुंबईतली ऐंशी टक्क्यांहून अधिक वस्ती शहराबाहेर जन्मलेली होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशेच्या आसपास होत्या. बायकामुले, म्हातारे आईवडील आणि शेत गावी, आणि कमावता पुरुष मुंबईत, अशी कुटुंबाची विभागणी या आकड्यांत स्पष्ट दिसते. १८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि या दुभंगलेल्या घराला सांधणारा एक सरकारी धागा मिळाला. अशा कमावत्या माणसाला कोकणात चाकरमानी हे नाव पडले. चाकरी मुंबईत, पण मान गावात; हा अर्थ व्युत्पत्तीला धरून नसला तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

एकट्या माणसाला खोलीचे भाडे परवडत नसे. म्हणून एका वाडीतले किंवा एका भावकीतले दहा-वीस जण मिळून चाळीत एक खोली घेत; कोणी तिला गाळा म्हणे, कोणी गावकीची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मंडळाची, खोली. भाडेपावती एखाद्या जुन्या, वजनदार माणसाच्या नावावर असे, आणि महिन्याची वर्गणी मात्र सर्वांकडून घेतली जाई. प्रत्येकाची भिंतीशी एक ट्रंक, खुंटीवर कपडे आणि एक वळकटी, एवढाच संसार. रातपाळी रूढ झाल्यावर या व्यवस्थेचा खरा उपयोग कळला, कारण पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीहून आलेला त्याच जागी अंथरूण घाली. पावसाळा नसेल तेव्हा गॅलरी, गच्ची आणि फुटपाथ हेही खोलीचेच भाग समजले जात. खोलीला जमाखर्चाची वही असे. गावाहून नोकरीच्या शोधात आलेल्या पोराला काम मिळेपर्यंत वर्गणी माफ, आजारी पडलेल्याला गावी पोहोचवण्याचा खर्च सामाईक, मयताच्या घरी ठरलेली रक्कम. असे नियम कुठे लिहून, कुठे तोंडी पाळले जात. गिरणगावावर लिहिणाऱ्याला भोंग्याचे आणि धुराड्याचे काव्य करण्याचा मोह फार होतो. मला स्वतःला या वह्या अधिक बोलक्या वाटतात, कारण विमा, कर्ज आणि निवारा या तिन्ही गोष्टी कोणत्याही कायद्याने मिळत नसताना त्या तिथे चार-आठ आण्यांच्या वर्गणीत बसवलेल्या होत्या.

सरकारी घरबांधणीनेही हा नमुना मोडला नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या दुसऱ्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ इमारतींना लोक आजही बीडीडी चाळी म्हणतात. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. एका कुटुंबासाठी आखलेल्या या खोल्यांपैकी अनेकींत लवकरच गावकी नांदू लागली.

हीच रचना गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने मुंबईत स्वतंत्रपणे उभी केली होती, आणि तिच्याशी तुलना उद्बोधक आहे. धोबी तलाव, माझगाव या भागांतल्या गोवेकरांच्या कूडी, म्हणजे सामाईक निवासाच्या जागा, गावाच्या नावाने ओळखल्या जात, गावच्या संताची प्रतिमा वेदीवर असे, संध्याकाळी सामूहिक जपमाळ म्हटली जाई आणि बोटीवर जाणारा खलाशी आपली पेटी तिथे ठेवून निर्धास्तपणे समुद्रावर जाई. कूडीला मात्र लिखित नियम आणि नोंदणीची शिस्त अधिक असल्यामुळे त्यांतल्या काही अजून चालू आहेत.

खोलीत चूल मांडणे एकट्या पुरुषांना जमत नसे. तिथे खानावळ आली. चाळीतलीच एखादी बाई, बहुधा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा, दहा-पंधरा मेंबर बांधून घेई आणि दोन वेळचे जेवण घाली. तिची गिऱ्हाइके पुष्कळदा तिच्या गावची किंवा तालुक्यातलीच असत, त्यामुळे भाकरी नाचणीची की ज्वारीची, आमटीत खोबरे किती, हे ठरलेले असे. पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. म्हणजे कामगाराला महिनाभर उसने जेवू घालणारी ही बाई खरे तर गिरणगावातली सर्वांत लहान सावकार होती, फक्त तिला व्याज मिळत नसे, उलट तीच भरत असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांचे काम प्रथमच व्यवसाय म्हणून कागदावर आले. गिरण्यांच्या आतही स्त्रिया होत्या, आणि १९२० च्या दशकात त्या कामगारांच्या सुमारे पाचवा हिस्सा होत्या. गावकीच्या खोलीत मात्र त्यांना जागा नव्हती. गावकी ही पुरुषांची संस्था होती.

गिरणीत शिरण्याचा दरवाजा मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या हातात असे. तो माणसे आपल्या गावची, आपल्या जातीची भरी, त्यामुळे खात्याखात्यांत एकेका भागाची दाटी होई. रोज सकाळी दाराशी उभे राहणाऱ्या बदली कामगाराला खाडा झालेल्याच्या जागी घ्यायचे की नाही, हे तोच ठरवी. त्यामुळे खोलीतल्या जुन्या माणसाची मुकादमाशी असलेली ओळख हे नव्या पोराचे खरे भांडवल ठरे. या नात्यात आधार होता तसा जाचही होता. नेमणुकीसाठी मुकादमाला दस्तुरी, म्हणजे लाच द्यावी लागे, आणि ती पुष्कळदा पहिल्या पगारातून जाई.

कामाच्या तासांचा इतिहासही या आपलेपणाशी निगडित आहे. आरंभी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, आणि रविवारीही यंत्रे पुसायला बोलावले जाई. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारांनीही तिथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तिच्यामुळे विश्रांती मिळाली, हे सगळे सांगतात. पण सगळ्या गिरण्यांची माणसे एकाच दिवशी मोकळी झाली, हा तिचा दुसरा परिणाम माझ्या मते तितकाच मोठा आहे. गावकीच्या बैठका, भजनी मंडळांची तालीम, लेझीम, आखाडे हे सारे रविवारी होऊ शकले. विजेचे दिवे आल्यावर १९०५ च्या सुमारास तास पुन्हा चौदा-पंधरांपर्यंत ताणले गेले. १९११ च्या कायद्याने पुरुषांसाठी ते बारावर आणले, १९३४ च्या कायद्याने दहावर, आणि १९४८ च्या कायद्यात आठवड्याचे ४८ तास ठरले. संध्याकाळ मोकळी होत गेली तसतशी गणेशोत्सव मंडळे, गोविंदा पथके, नमन आणि शक्ती-तुऱ्याचे सामने, कामगार रंगभूमी यांना वेळ मिळत गेला.

या आपलेपणाला कुंपणही होते, आणि ते न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मागावरच्या धोट्यातून (आडवे सूत नेणाऱ्या साधनातून) सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला हात लावायला सवर्ण विणकर तयार नसत. म्हणून दलित कामगारांना अधिक पगाराच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, प्रवेश नव्हता. चाळींतही त्यांच्या खोल्या वेगळ्या, नळ वेगळे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे नेमकेपणाने मांडला. ते स्वतः परळच्या बीआयटी, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळीत अनेक वर्षे राहिलेले होते; एकाच भोंग्यावर उठणारी माणसे एका नळावर पाणी भरत नाहीत, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

तरीही एकत्र उभे राहण्याची वेळ आली तेव्हा याच खोल्या आणि खानावळी कामी आल्या. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा दर वर्षासाठी एक असे सहा दिवस कामगारांनी गिरण्या बंद ठेवल्या. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चालला आणि त्यातूनच लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. इतका काळ पगाराविना तग धरता आला तो खानावळीच्या उधारीवर आणि गावाकडच्या शेतावर. संप लांबला की निम्मी खोली रिकामी होई, कारण माणसे लावणीला गावी जात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हाही हाच मार्ग धरला गेला. या वेळी मात्र अनेकांना परत येण्यासाठी गिरणीच उरली नाही. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही.

गिरण्या मिटल्या, पण गावकी लगेच मिटली नाही. कामगारांची मुले डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडे सरकली, कोणी सुरक्षारक्षक झाले, कोणी कुरियरवाले. आणि मुंबई मंडळाची वार्षिक सभा तेवढी अजून दादर-परळच्या एखाद्या सभागृहात किंवा त्याच जुन्या खोलीत भरते, कारण ते सगळ्यांना सारखेच दूर पडते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून गणपतीला गावी जाणे सोपे झाले आहे, त्यामुळे वर्गणीची पावती मुंबईत फाडायची की गावात, एवढाच वाद उरला आहे.

दुसरा वाद मात्र गंभीर आहे. पुनर्विकासात जुन्या चाळींच्या जागी मोठी घरे मिळणार. बीडीडीच्या १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फूट ठरले आहेत. ज्या खोलीत सबंध वाडीने शंभर वर्षे ट्रंका ठेवल्या, तिची भाडेपावती एका माणसाच्या नावावर आहे, आणि घराचा ताबा पावतीवरच्या नावाला, म्हणजे आता त्याच्या नातवाला मिळतो. वर्गणीच्या वह्या मंडळाकडे आहेत, पण त्यांत कोणी किती आणे दिले एवढेच लिहिलेले आहे; खोली कोणाची, हे लिहून ठेवावे असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नव्हते.