कॅट रोडवरचा प्रकाश आणि ताऱ्यांमधला बर्फ

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात कुणी 'कॅटमध्ये आहेत' असं सांगितलं की पुढची चौकशी सहसा होत नाही. सरकारी, अणूचं, लेझरचं काहीतरी, एवढ्यावर भागतं. नाव बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं त्यालाही बरीच वर्षं लोटली, पण इंदूरच्या बोलण्यात ते कॅटच राहिलं. तिथे १९९९ पासून 'इंडस-१' नावाचं कडं चालू आहे. देशातलं ते पहिलं सिंक्रोट्रॉन. परीघ जेमतेम १९ मीटर, आणि त्यात ४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात. चुंबकांनी त्यांची वाट वाकवली की ते प्रकाश फेकतात. त्यातला एक मोठा भाग अशा अतिनील किरणांचा असतो, ज्यांना हवाच गिळून टाकते. म्हणून सगळं काम निर्वातात करावं लागतं. रेणू हा प्रकाश कसा शोषतात, याचे वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश गिळला जातो याचे आलेख, इथल्या शलाकामार्गांवर (कड्यातला प्रकाश प्रयोगापर्यंत नेणाऱ्या नळ्यांवर) घेतले गेले आहेत.

ताऱ्यांच्या मधल्या अंधारात रेणू मोडतात आणि जुळतात तेही बरंचसं याच जातीच्या प्रकाशाने. कॅटचा आणि आकाशगंगेतल्या ढगांचा संबंध एवढ्यापुरता आहे, पण तो समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही याचा पहिला पक्का पुरावा १९०४ मध्ये जर्मनीत योहानेस हार्टमनला मिळाला. मृग नक्षत्रातला डेल्टा ओरायनिस हा जोडतारा आहे. त्याच्या वर्णपटातल्या रेषा ताऱ्याच्या फिरण्याबरोबर पुढेमागे सरकत होत्या, पण कॅल्शियमची एक रेषा हलत नव्हती. म्हणजे तो कॅल्शियम ताऱ्यावर नव्हता, वाटेत कुठेतरी होता. पुढे १९२२ मध्ये मेरी ली हेगर हिला काही पसरट पट्टे दिसले, आणि ते कशाचे हे कुणालाच सांगता येईना. त्यांच्याकडे परत येऊच.

तरीही रेणू असतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश त्यांना जगू देणार नाही, आणि इतक्या विरळ वायूत अणू एकमेकांना भेटणार तरी कधी? आपल्या भोवतालच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. दाट म्हणवल्या जाणाऱ्या आकाशातल्या ढगात दहा हजार असले तरी पुष्कळ. पण १९३७ ते १९४१ या काळात तीन रेणू सापडले: सीएच (कार्बन-हायड्रोजन), सीएन (कार्बन-नायट्रोजन) आणि विद्युतभारित सीएच. यातला तिसरा कसा ओळखला गेला ते मुद्दाम पाहावं. रेषा दुर्बिणीत आधीच दिसलेल्या होत्या, त्यांचा धनी माहीत नव्हता. नाझी जर्मनी सोडून कॅनडात सास्काटूनला आलेल्या गेरहार्ड हर्झबर्गने अ‍ॅलेक डग्लसच्या साथीने प्रयोगशाळेत तोच रेणू तयार केला, त्याचा वर्णपट घेतला, आणि रेषा जुळल्या. या शास्त्राचा सगळा इतिहास मला याच एका घटनेचा विस्तार वाटतो. आकाशाने खूण दाखवायची आणि टेबलावरच्या उपकरणाने ती कुणाची ते सांगायचं.

त्याच सुमाराची एक गंमत आहे. अँड्र्यू मकेलरने १९४१ मध्ये सीएनच्या रेषांवरून त्या रेणूंचं तापमान काढलं. ते आलं सुमारे २.३ केल्विन, म्हणजे उणे २७१ अंशांच्या आसपास. हर्झबर्गनेही पुढे या आकड्याला फारच मर्यादित अर्थ असल्याचं नमूद केलं. १९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनात विश्वाच्या पार्श्वप्रारणाची, म्हणजे सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींची, खरखर पकडली गेली, तेव्हा उमगलं की मकेलरचे रेणू त्याच उबेत बसले होते. नोबेल अर्थातच अँटेनावाल्यांना मिळालं.

युद्धानंतर रेडिओ दुर्बिणी आल्या आणि यादी भराभर वाढली. १९६३ मध्ये हायड्रॉक्सिल, १९६८ मध्ये चार्ल्स टाउन्सच्या गटाला अमोनिया, लगोलग पाणी आणि फॉर्मल्डिहाइड, १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइड. आज ही यादी तीनशेच्या पुढे गेली आहे. १९७० मधलीच एक रेडिओ रेषा कुठल्याही ज्ञात रेणूशी जुळेना, म्हणून शोधणाऱ्यांनी तिला 'एक्स-ओजेन' म्हणून टाकलं. विल्यम क्लेम्पररने तर्क केला की हा हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन यांचा धनभारित रेणू असणार. काही वर्षांनी प्रयोगशाळेत तो तयार झाल्यावर तर्क खरा ठरला. त्यातून कळलं की थंडीतही वेगाने चालणाऱ्या विक्रिया आहेत, फक्त त्यांत एक भागीदार विद्युतभारित लागतो.

पण या विद्युतभारित रेणूंनी, म्हणजे आयनांनी, सगळं सुटत नव्हतं. सर्वांत साधा रेणू, हायड्रोजनचा, वायूत बनतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन अणू जवळ आले की सुटणारी ऊर्जा कुणीतरी वाहून न्यावी लागते, नाहीतर ते पुन्हा अलग होतात. ही ऊर्जा धूळ घेते, असं गणित गूल्ड आणि साल्पीटर यांनी १९६३ मध्ये मांडलं. हे कण मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढे, आणि दाट ढगात १० ते १५ केल्विनपर्यंत गारठलेले, म्हणजे उणे २६० अंशांच्या आसपास.

या कणांवर बर्फ असावा ही कल्पना त्याहून जुनी, १९४० च्या दशकातली, हॉलंडमधल्या ऊर्ट आणि व्हॅन डी हुल्स्ट यांची. प्रत्यक्ष पुरावा १९७३ मध्ये मिळाला. मृगातल्याच तेजोमेघातल्या एका अवरक्त स्रोताच्या प्रकाशात ३.१ मायक्रोमीटरला मोठा खड्डा दिसला. पाण्याचा बर्फ तिथेच प्रकाश शोषतो. जुन्या फ्रीजच्या बर्फखान्यात भिंतीवर हिम साचतं, तसं इथेही होत असेल असं वाटतं, पण ते निम्मंच खरं आहे. कार्बन मोनॉक्साइड तसा वायूतून येऊन गोठतो. पाणी मात्र बहुतांशी तिथेच घडतं, ऑक्सिजनचे अणू कणावर चिकटतात आणि भटके हायड्रोजन त्यांना गाठतात. गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडलाही असेच हायड्रोजन भेटत गेले की मिथेनॉल होतं. जपानी प्रयोगशाळांनी हे करून दाखवलं आहे.

मग प्रकाशाचं काय? दाट ढगाच्या पोटात ताऱ्यांचा प्रकाश पोचत नाही, तर बर्फाला अतिनील किरण मिळतात कुठून? याचं उत्तर १९८३ मध्ये प्रसाद आणि तारफदार या जोडीने दिलं. यातले शंकर तारफदार मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान भारित कण, ढगाच्या आरपार जातात. ते हायड्रोजनच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन उडवतात, हे इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूंना उद्दीपित करतात, आणि ते रेणू शांत होताना अतिनील प्रकाश टाकतात. ढग आतूनच मंद उजळतो. आपल्याकडच्या विज्ञानलेखनात या कामाचा उल्लेख क्वचितच येतो, ही खटकणारी गोष्ट आहे.

लायडनमध्ये मेयो ग्रीनबर्ग १९७० च्या दशकापासून हेच पृथ्वीवर घडवत होता. निर्वात पात्रात बोटासारख्या गारठवलेल्या दांडीवर वायू गोठवायचे, हायड्रोजनच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पाडायचा, आणि तापवल्यावर मागे काय उरतं ते तपासायचं. २००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अशा बर्फाच्या अवशेषांतून अमिनो आम्लं मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. दिव्याची अडचण ही की तो ठरावीक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश देतो. कुठल्या लांबीने कुठला बंध तुटला हे वेगळं काढायचं, तर हवी ती लांबी निवडता येणारा स्रोत लागतो. सिंक्रोट्रॉन इथे कामी येतो, आणि कॅटमधल्या कड्यासारख्या यंत्रांचं महत्त्व खगोलवाल्यांना वाटतं ते यासाठी.

मराठी वाचकाला हा विषय बहुधा जयंत नारळीकरांमुळे ठाऊक असतो. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांनी तर ताऱ्यांमधल्या धुळीत जीवाणूच असल्याचा दावा केला होता, आणि नारळीकरांनी २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून वातावरणाच्या वरच्या थरातले नमुने मिळवण्याच्या प्रयोगात पुढाकार घेतला. जीवाणूंचा दावा बहुतेकांना पटला नाही. पण धुळीवर सेंद्रिय रसायन चालतं, हे तेव्हा जितकं धाडसी वाटे तितकं आता वाटत नाही.

मेरी हेगरला दिसले त्या जातीच्या काही पट्ट्यांचा धनी ९३ वर्षांनी सापडला. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रयोगशाळेने साठ कार्बनांच्या धनभारित चेंडूचा वर्णपट अतिथंड अवस्थेत घेतला आणि तो आकाशातल्या, नंतर सापडलेल्या याच जातीच्या पट्ट्यांशी जुळला. बाकीचे शेकडो पट्टे अजून बेवारस आहेत.

जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये कॅमेलिऑन-१ या ढगातल्या बर्फात पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन, मिथेनॉल यांच्या खुणा दाखवल्या. पुढच्या वर्षी जन्मत्या ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडही. या खुणा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे त्या सोडवताना लायडनसारख्या प्रयोगशाळांत गोठवलेल्या मिश्रणांचे वर्णपट शेजारी ठेवावे लागतात. ग्लायसिन हे सर्वांत साधं अमिनो आम्ल मात्र ढगांत अजून पक्कं सापडलेलं नाही. २००३ मध्ये तसा दावा झाला, दोन वर्षांत तो खोडला गेला. ६७पी या धूमकेतूच्या वायूत ते रोसेटा यानाला मिळालं, आणि धूमकेतूचा बर्फ त्या जुन्या ढगातूनच आला असेल तर ते तिथे कधी तयार झालं, हा प्रश्न सध्या प्रयोगशाळांच्या पुढ्यात आहे.