विलुप्त प्राण्यांचे पुनरुज्जीवन

विलुप्त प्राण्यांचे पुनरुज्जीवन : ज्या प्राणिजातीचा अखेरचा जीवही मरून गेला आहे, ती जात किंवा तिच्याशी निकटचे साम्य असलेला प्राणी पुन्हा जन्माला घालण्याचा प्रयत्न. यासाठी गोठवून ठेवलेल्या पेशी, जुन्या अवशेषांतील डीएनए किंवा नात्यातल्या जिवंत प्राण्यांची निवडक पैदास यांचा आधार घेतला जातो. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द रूढ झाला असला तरी तो सैलपणे वापरला जातो. मेलेला प्राणी यात जिवंत होत नाही. त्याच्यासारखा दुसरा प्राणी नव्याने घडवला जातो. असे करावे की नाही, हा वाद या फरकापासूनच सुरू होतो.

विलुप्त झालेल्या प्राण्याचा जन्म आजवर एकदाच झाला आहे आणि तोही काही मिनिटांपुरता. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात ‘बुकार्डो’ नावाची रानशेळी राहत असे. आयबेक्स या डोंगरी शेळीची ती एक उपजात होती. जाड केसाळ कातडे आणि नराची भरभक्कम वळणदार शिंगे ही तिची ओळख. या शिंगांसाठी शिकाऱ्यांनी तिचा पाठलाग केला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ओर्देसा राष्ट्रीय उद्यानात सेलिया नावाची एकच मादी उरली. १९९९ मध्ये तिला पकडून तिच्या त्वचेचे छोटे तुकडे काढण्यात आले, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून तिला सोडून देण्यात आले आणि त्या तुकड्यांतील पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवण्यात आल्या. पुढच्या वर्षी पट्ट्यातून येणाऱ्या संदेशाचा सूर बदलला. शोध घेणाऱ्यांना ६ जानेवारी २००० रोजी ती कोसळलेल्या झाडाखाली चिरडून मेलेली आढळली.

होजे फोल्क आणि अल्बेर्तो फर्नांदेझ-आरियास या स्पॅनिश शास्त्रज्ञांच्या गटाने सेलियाच्या पेशींमधील केंद्रके पाळीव शेळीच्या अशा बीजांडांत घातली, ज्यांतून मूळ केंद्रक आधीच काढून टाकले होते. ५७ माद्यांमध्ये गर्भ रोवले गेले, त्यांपैकी सात गाभण राहिल्या आणि सहा जणींचे गर्भ गळून पडले. सातवीने दिवस पूर्ण केले. ३० जुलै २००३ रोजी शस्त्रक्रिया करून तिच्या पोटातून करडू बाहेर काढण्यात आले. ते श्वासासाठी धडपडू लागले आणि थोड्याच मिनिटांत मेले. शवविच्छेदनात दिसले की त्याच्या एका फुप्फुसाला यकृतासारखा घट्ट गोळा असलेला जादा भाग फुटला होता आणि त्यामुळे हवेला आत जागाच उरली नव्हती. बुकार्डो ही उपजात अशा रीतीने दोनदा विलुप्त झाली.

हे करडू जगले असते तरी काय झाले असते, हा प्रश्न त्या घटनेच्या वर्णनात सहसा मागे पडतो. सेलिया मादी होती, त्यामुळे तिच्या पेशींतून जन्मणारे प्रत्येक करडू मादीच असणार होते. नराचे वाय गुणसूत्र कोठेही जपलेले नव्हते. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा डीएनए बीजांडाकडून येतो, म्हणजे तो पाळीव शेळीचा होता. एका प्राण्याच्या पेशी जपून त्याची जात जपली जात नाही. जात टिकवण्यासाठी आपसांत वेगळे असलेले अनेक नर-माद्या लागतात. याच पर्वताच्या फ्रान्सच्या बाजूला २०१४ पासून स्पेनमधील दुसऱ्या उपजातीचे आयबेक्स आणून सोडण्यात आले. प्राणी पकडायचे, गाडीत घालून आणायचे आणि कड्यांवर सोडायचे, एवढेच त्यामागचे तंत्र. त्यांचे कळप तेथे आज वाढत आहेत.

पद्धती : पहिली पद्धत क्लोनिंगची, म्हणजे बुकार्डोच्या बाबतीत वापरलेली. १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेली डॉली मेंढी याच पद्धतीने झाली होती आणि तेव्हा २७७ प्रयत्नांतून एकच कोकरू हाती लागले होते. या पद्धतीला अखंड केंद्रक असलेली पेशी लागते, म्हणजे प्राणी मरण्यापूर्वी किंवा मेल्यावर लगेच तिचे जतन झालेले असावे लागते. पक्ष्यांना ही पद्धत लागू पडत नाही, कारण त्यांच्या अंड्यातील मोठ्या बलकामुळे केंद्रकापर्यंत पोहोचणे आणि त्याची अदलाबदल करणे जमत नाही. पक्ष्यांसाठी भ्रूणातील प्रजनन पेशींमध्ये बदल करून त्या दुसऱ्या भ्रूणात सोडण्याचा लांबचा मार्ग धरावा लागतो.

दुसरी पद्धत निवडक पैदाशीची. झेब्र्याची क्वागा ही उपजात १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील मादीबरोबर संपली. राइनहोल्ड राऊ यांनी १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असा प्रकल्प सुरू केला की मागच्या अंगावर पट्टे कमी असलेले झेब्रे निवडून त्यांचीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास करायची. आज त्या कळपातील काही झेब्रे जुन्या चित्रांतील क्वागासारखे दिसतात. हे साम्य कातड्यापुरतेच असल्याची टीका होते आणि ती रास्त आहे.

तिसऱ्या पद्धतीचा आज सर्वाधिक गाजावाजा आहे. जुन्या हाडांतून डीएनएचे तुकडे मिळवून विलुप्त प्राण्याचा जनुकसंच म्हणजे संपूर्ण डीएनए संगणकावर जुळवायचा, जवळच्या जिवंत नातेवाइकाच्या जनुकसंचाशी त्याची तुलना करायची आणि क्रिस्पर या जनुक-कात्रीने जिवंत प्राण्याच्या पेशीत निवडक बदल करायचे, अशी ही रीत आहे. मृत्यूनंतर डीएनएचे तुकडे होत जातात. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवरून काढलेल्या अंदाजानुसार डीएनएचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा तुटायला लागणारा काळ, सुमारे ५२१ वर्षे आहे. गोठलेल्या जमिनीत तो पुष्कळच जास्त काळ टिकतो आणि मॅमथ या हत्तीच्या विलुप्त नातेवाइकाचा दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचता आला आहे. पण डायनासोर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. ते परत आणण्याची कल्पना करमणुकीपुरतीच राहील.

अमेरिकेतील कोलोसल बायोसायन्सेस ही कंपनी जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज चर्च आणि उद्योजक बेन लॅम यांनी २०२१ मध्ये स्थापन केली. एप्रिल २०२५ मध्ये तिने डायर वुल्फ हा हिमयुगातील लांडगा परत आणल्याचे जाहीर केले. तीन पांढरीशुभ्र पिल्ले जगाला दाखवली गेली. प्रत्यक्षात ती करड्या लांडग्याची पिल्ले असून त्यांच्या १४ जनुकांमध्ये २० बदल केलेले आहेत आणि त्यांपैकी १५ बदल डायर वुल्फच्या डीएनएवरून घेतलेले आहेत. सुमारे २४० कोटी अक्षरांच्या जनुकसंचात हे २० बदल आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) श्वानकुल तज्ज्ञ गटाने ही पिल्ले डायर वुल्फ नाहीत, असे स्पष्ट केले. जनुकबदलाचे तांत्रिक यश खरे आहे आणि ते मोठे आहे. प्रस्तुत लेखकाची हरकत नावाला आहे, कारण नाव चुकले की नष्ट झालेली जात परत मिळते असा समज पसरतो. याच आययूसीएनने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करताना अशा प्राण्यांसाठी ‘विलुप्त जातींचे प्रतिनिधी’ या अर्थाचा शब्द वापरला होता आणि तोच योग्य आहे.

करावे की करू नये : पुनरुज्जीवनाच्या बाजूने सर्वांत भावणारा युक्तिवाद ऋणाचा आहे. टास्मानियन वाघ हा पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा शिकारी प्राणी होता. मेंढ्या मारतो म्हणून टास्मानियाच्या सरकारने १८८८ ते १९०९ या काळात त्याला मारणाऱ्यांना २,१८४ बक्षिसे दिली. शेवटचा ज्ञात प्राणी ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतरे अब्जावधींच्या संख्येने उडत असत. बंदूक, जाळी आणि रेल्वे यांच्या मदतीने काही दशकांत त्यांचा फडशा पाडला गेला आणि मार्था ही त्यांच्यातली शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीत मेली. माणसाने नष्ट केले, तर शक्य असल्यास माणसानेच ते भरून द्यावे, असे हे म्हणणे आहे. त्यातील तळमळ खोटी नाही.

तरीही हे ऋण कोणाला फेडायचे, याचे उत्तर अवघड आहे. ज्यांना मारले ते प्राणी परत येत नाहीत. प्रयोगाचा त्रास सोसावा लागतो तो गळून जाणाऱ्या गर्भांना, शस्त्रक्रियांतून जाणाऱ्या माद्यांना आणि श्वास न मिळता मरणाऱ्या करडाला. मॅमथच्या बाबतीत हा प्रश्न भारतीय वाचकाला जवळचा वाटावा. मॅमथची शेवटची वस्ती सायबेरियाच्या उत्तरेकडील रँगेल बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वी संपली आणि त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक आशियाई हत्ती हा आहे. हा हत्ती स्वतःच धोक्यात असून त्याच्या जंगली संख्येतील निम्म्याहून अधिक प्राणी भारतात आहेत. हत्तीण जवळपास २२ महिने गाभण असते. जिच्या पोटी तिच्याच जातीची पिल्ले यायला हवीत, अशा मादीला प्रयोगातील गर्भ वाढवायला लावणे समर्थनीय ठरत नाही. कृत्रिम गर्भाशय वापरण्याचा विचार बोलून दाखवला जातो, पण एवढ्या मोठ्या प्राण्यासाठी तसे यंत्र आजवर तयार झालेले नाही.

समजा, पिल्लू जन्मलेच. तरी त्याला वाढवणार कोण? हत्तीच्या कळपात पाणी कोठे आहे, कोणती वाट धरायची, कशाला भ्यायचे, हे वयस्कर माद्यांकडून पिल्लांना कळते. हे ज्ञान डीएनएमध्ये लिहिलेले नसते. प्रवासी कबुतराचे तर सारे जीवनच थव्यावर उभे होते. प्रयोगशाळेतून निघालेली दहा-बारा कबुतरे पिंजऱ्यात बसतील. एकेकाळी जिच्या थव्यांनी आकाश झाकोळून जाई, ती जात त्यांतून उभी राहणार नाही.

मॅमथसारखे मोठे चरणारे प्राणी परतले तर बर्फ तुडवून व झुडपे मोडून ते उत्तरेतील जमीन गोठलेली ठेवतील आणि त्यामुळे हवामानबदल मंदावेल, असेही सांगितले जाते. सर्गेई झिमोव्ह हे रशियन शास्त्रज्ञ सायबेरियातील याकुतियात घोडे, बायसन यांसारखे प्राणी सोडून या कल्पनेची तपासणी करत आले आहेत. ती कल्पना अभ्यासण्याजोगी आहे, मात्र त्यासाठी लागणारी मॅमथांची संख्या आणि कालावधी पाहता हवामानबदलावरचा उपाय म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

पैशाचा प्रश्नही बाजूला सारता येत नाही. जोसेफ बेनेट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये न्यूझीलंड व न्यू साउथ वेल्समधील आकडेवारीवरून दाखवले की सरकारी संवर्धन निधीतून पुनरुज्जीवित जातींची देखभाल केली, तर त्याच पैशात वाचू शकणाऱ्या अधिक जाती हातच्या जातील. हा पैसा खासगी गुंतवणूकदारांचा आहे आणि तो एरवी संवर्धनाकडे आलाच नसता, असे समर्थक म्हणतात. जन्माच्या खर्चापुरते ते खरे मानले, तरी जन्मानंतरच्या अधिवासाचा, रक्षणाचा आणि कायद्याचा भार सरकारवरच पडतो.

या तंत्राचा खरा उपयोग जे अजून आहेत त्यांच्यासाठी होऊ लागला आहे. अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची आजची सारी प्रजा सात पूर्वजांपासून आली आहे, त्यामुळे तिच्यातील जनुकीय विविधता फारच कमी आहे. १९८८ मध्ये विला नावाच्या मादीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या आणि तिचा वंश आजच्या प्रजेत नव्हता. त्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ ॲन हे क्लोन केलेले पिल्लू जन्मले. पुढे त्याच पेशींपासून झालेल्या अँटोनिया या मादीने २०२४ मध्ये स्वतः पिल्लांना जन्म दिला. येथे नात्यागोत्याचा कळप आहे, शिकवणारे आहेत, मोकळी जमीन आहे. तंत्राने फक्त हरवलेला एक धागा परत ओवला. केनियात उरलेल्या नाजिन आणि फातू या उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या दोन माद्यांसाठी चाललेले गर्भप्रत्यारोपणाचे प्रयत्नही याच वर्गातले आहेत.

भारतातील संदर्भ : भारतातून नाहीसा झालेला सर्वांत परिचित मोठा प्राणी म्हणजे चित्ता. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करून घेतली जात असे. त्यासाठी पुढे आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले, इतके देशी चित्ते दुर्मीळ झाले होते. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारल्याची नोंद आहे आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. इराणमधील आशियाई चित्त्याच्या पेशी मिळवून क्लोनिंग करण्याची योजना हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात २००० च्या सुमारास मांडली गेली होती, पण इराणने नकार दिला. अखेर १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आफ्रिकी चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात आणण्यात आले. हे पुनरुज्जीवन नसून पुनर्वसन आहे आणि उपजातही वेगळी आहे. तरी पुरेसे मोकळे माळ, सावज आणि माणसांची सोबत यांचा मेळ बसवणे किती कठीण असते, हे त्यातून सर्वांसमोर आले.

महाराष्ट्रात या विषयाचे दोन पक्षी आहेत. रानपिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर कोणाला निश्चितपणे दिसले नव्हते आणि ते संपले असे मानले जात होते. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना ते सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ दिवसाउजेडी फांदीवर बसलेले दिसले. पुढे मेळघाटातही ते आढळले. प्रयोगशाळा नको, जनुक-कात्री नको. त्याचे जंगल उरले होते म्हणून ते उरले होते. माळढोकाची गोष्ट उलट आहे. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी महाराष्ट्रातून तो आज जवळपास दिसेनासा झाला आहे आणि देशात उरलेले दीडशेच्या आसपास पक्षी मुख्यतः राजस्थानात आहेत. तेथे तो विजेच्या उच्चदाब तारांवर आपटून मरतो. २०२४ मध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले, आणि ते मोठे झाल्यावर सोडायचे कोठे, याचे उत्तर तारा जमिनीखाली घालण्यावर आणि उरलेले माळरान नांगरापासून राखण्यावर अवलंबून आहे.